गिझोला राहायला चाललाय? मग सायरनची वाट बघू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटा भाऊ बायको आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन दोन वर्षांसाठी पॅसिफिक महासागरातल्या सोलोमन आयलंड्समधल्या गिझो गावी कामाला चाललाय, घर अगदी समुद्राला लागून मिळतंय, आणि इकडे घरच्यांना काळजी की तिकडे सारखे भूकंप होतात, तर त्सुनामी आली तर सायरन वाजतो का, मोबाईलवर अलर्ट येतो का, पळायला वेळ किती मिळतो, आणि ते समुद्रालगतचं घर घ्यावं की नाही.

मी भूकंपाच्या क्षेत्रातला माणूस. त्यातही माझं काम म्हणजे त्सुनामी येऊन गेली की किनाऱ्यावर जायचं, पाणी कुठवर चढलं ते मोजायचं आणि मग गावातल्या लोकांबरोबर बसून पळायच्या वाटा ठरवायच्या. त्यामुळे उत्तर लांबणार, पण मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. गिझोसारख्या ठिकाणी भूकंप हाच सायरन. जमीन हलली आणि बराच वेळ हलत राहिली, तर थांबल्याबरोबर चढाकडे चालू लागायचं. फोन उघडायचा नाही, समुद्राकडे बघायला जायचं नाही, कोणी अधिकृत सांगेल म्हणून थांबायचं नाही.

आता हे असं का, ते नीट सांगतो, कारण कारण कळलं नाही तर दोन-चार छोट्या धक्क्यांनंतर माणूस पळायचं सोडून देतो, आणि तिकडे छोटे धक्के वरचेवर बसतात.

सोलोमन बेटांच्या दक्षिण बाजूने समुद्राचा तळ बेटांच्या खाली सरकतोय, वर्षाला साधारण ९-१० सेंटीमीटर, म्हणजे आपली भारताची प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) ज्या वेगाने उत्तरेला सरकते त्याच्या जवळपास दुप्पट. हे सरकणं सुरळीत होत नाही. खाली जाणारा तळ आणि वरची प्लेट एकमेकींत अडकून बसतात, वरची कड दाबली जाते, वाकते, वर्षानुवर्षं तशीच राहते आणि एक दिवस सुटते. सुटताना समुद्राचा तळ काही मीटर उसळतो, कुठे खचतो, आणि त्याच्या वरचं सगळंच्या सगळं पाणी हलतं. वाऱ्याची लाट फक्त वरवरचं पाणी हलवते, ही तळापासूनचं. म्हणून ती किनाऱ्यावर येऊन फुटून परत जात नाही, तर दहा-दहा मिनिटं आतच येत राहते. चार किलोमीटर खोल पाण्यात तिचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर असतो, दहा मीटर खोल पाण्यात आली की ताशी ३५-३६ वर येतो, पण पुढचा भाग हळू झाला तरी मागून पाणी येतच असतं, त्यामुळे ते साचत साचत उंच होतं. ताशी ३५ म्हणजे हळू वाटतं, पण तेवढ्या वेगाने शंभर मीटर धावणारी माणसं ऑलिंपिकला जातात.

बाकी बऱ्याच देशांत ही तुटणारी कड, म्हणजे खोल समुद्रातला खंदक, किनाऱ्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर लांब असतो. सोलोमनच्या पश्चिम भागात तो बेटांना जवळजवळ चिकटून आहे. रानोंगा आणि सिंबो ही दोन बेटं बघा, मध्ये जेमतेम आठ-दहा किलोमीटर पाणी, एकावरून दुसरं दिसतं, आणि खंदक या दोघांच्या मधून जातो. गिझो तिथून जवळच. तेव्हा लाट तयार होण्याची जागा आणि लाट आपटण्याची जागा यांच्यात अंतरच नाही.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही, २ एप्रिल २००७ ला झालेलं आहे. सकाळी पावणेआठच्या सुमारास, ८.१ चा भूकंप, केंद्र गिझोच्या आग्नेयेला साधारण ४५ किलोमीटरवर. तुटलेली कड अडीचशे-तीनशे किलोमीटर लांब होती. ती अशा जागेतून आरपार गेली जिथे तीन प्लेट्स एकत्र येतात. त्याआधी आमच्या क्षेत्रात बऱ्याच जणांची समजूत होती की असा तिठा भूकंपाला अडवतो, त्याच्या पलीकडे तुटणं जात नाही, म्हणून इथे फार मोठा भूकंप व्हायचा नाही. २००७ ने ती समजूत मोडली. तेव्हा 'इथे एवढा मोठा कधी झाला नाही' असं कोणी सांगितलं तर त्यावर फार विसंबू नका. लिखित नोंदी शे-सव्वाशे वर्षांच्या आहेत, जमिनीला त्याच्याशी देणंघेणं नाही.

पाणी किती वेळात आलं? सिंबो, घिझो बेट (गिझो गाव याच बेटावर) आणि आसपास तीन ते दहा मिनिटांत. हवाईच्या पॅसिफिक त्सुनामी वॉर्निंग सेंटरचं पहिलं पत्रक निघालं भूकंपानंतर साधारण पंधरा मिनिटांनी. यात सेंटरची चूक अजिबात नाही, उलट तेव्हाच्या मानाने काम जलद झालं होतं. भूकंपाच्या लाटा लांबच्या यंत्रांपर्यंत पोचायला मिनिटं लागतात, चार-पाच ठिकाणच्या नोंदी आल्याशिवाय जागा पक्की होत नाही, आणि मोठ्या भूकंपाचा खरा आकार कळायला तर आणखी वेळ जातो कारण फॉल्ट, म्हणजे जमिनीतली अडकलेली भेग, तुटायलाच मिनिटापेक्षा जास्त लागलेलं असतं. मग ते पत्रक राजधानी होनियाराला जाणार, तिथे हवामान खातं आणि आपत्ती व्यवस्थापनवाले ते बघून निर्णय घेणार, मग रेडिओ, मग फोन, मग प्रांताचं मुख्य ठिकाण. आता यंत्रं आणि सॉफ्टवेअर २००७ पेक्षा बरीच सुधारलीत, पण कितीही सुधारली तरी तीन मिनिटांच्या लाटेला गाठता येत नाही. म्हणून भावाला मोबाईलवर अलर्ट येईलही, पण कदाचित तो टेकडीवर उभा असताना येईल, आणि तसाच यायला हवा.

ही सेंटर्स बिनकामाची आहेत असं मात्र कोणी समजू नये. हवाईचं सेंटर सुरू झालं १९४९ ला, कारण १९४६ मध्ये अलूशियन बेटांजवळच्या भूकंपाची लाट हवाईवर आली आणि दीडशेच्या वर माणसं गेली, कोणाला काही कळलंच नव्हतं. १९६० ला चिलीत भूकंप झाला तेव्हा लाटेला हवाईला पोचायला पंधरा तास लागले आणि जपानला बावीसच्या आसपास. अशा लांबून येणाऱ्या लाटेचा तुम्हाला धक्काही जाणवत नाही, तिथे सेंटर हाच एकमेव आधार. तेव्हा अलर्ट आला तर तो शंभर टक्के पाळायचा. अलर्ट नाही म्हणून मात्र बसून राहायचं नाही.

गिझोकडे परत येतो, कारण तिथे जे झालं ते मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि भावाच्या कुटुंबाला थेट लागू पडतं.

२००७ ला सगळी मिळून ५२ माणसं गेली, काही दरडींखाली, बाकीची बहुतेक पाण्यात. हजारो लोकांची घरं गेली. सिंबो बेटावर तापुराई गावात पाणी बारा मीटर उंचीपर्यंत चढलं, म्हणजे चार मजली इमारतीएवढं, गाव पुसलं गेलं. पण तिथली बहुतेक माणसं वाचली. घिझो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर तितियाना आणि न्यू मान्रा या वस्त्यांवर पाणी त्याच्या निम्म्याहून कमी उंच होतं, साधारण पाच मीटर, आणि माणसं मात्र तिथे जास्त गेली. त्यात लहान मुलं खूप.

फरक कशामुळे? सिंबो-रानोंगाचे लोक पिढ्यान्पिढ्या तिथलेच. त्यांच्यात आजी-आजोबांपासून सांगत आलेत की जमीन जोरात हलली की समुद्राचा भरवसा धरू नका, डोंगर गाठा. तितियाना आणि न्यू मान्राचे लोक मूळचे गिल्बर्ट आणि फिनिक्स बेटांवरचे, म्हणजे आजच्या किरिबातीचे, ब्रिटिश सरकारने त्यांना १९५० आणि ६० च्या दशकांत इकडे आणून वसवलं कारण तिकडे पाणी आणि जमीन पुरत नव्हती. ती मूळ बेटं म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या सपाट कड्या, खंदकांपासून लांब, तिथे ना मोठे भूकंप ना जवळून येणारी त्सुनामी, डोंगर तर नाहीच. समुद्राची त्यांच्याइतकी जाण फार थोड्या लोकांना असेल, होडी, मासे, वारा, भरती सगळं पाठ. पण भूकंपानंतर लगून, म्हणजे किनाऱ्यालगतचं अडलेलं उथळ पाणी, रिकामं होतं याचा अर्थ काय, हे त्यांच्या आठवणीत कुठेच नव्हतं. पाणी ओसरलं, तळ उघडा पडला, मुलं बघायला खाली उतरली. थोड्या वेळाने पाणी परत आलं.

मला हे वाचताना, ऐकताना, आणि दुसऱ्या बेटांवर अशीच मुलं गमावलेल्या आया भेटल्यावर प्रत्येक वेळी तितकाच त्रास होतो, कारण इथे ना पैसा कमी पडला ना यंत्र. एक वाक्य कमी पडलं. पन्नास वर्षं शेजारी राहूनही ते वाक्य एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेलं नव्हतं. तुमचा भाऊ तिथे नवीनच राहायला आलेला असणार, म्हणून सांगतोय. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला सांगा, २००७ ला पाणी कुठवर आलं होतं, तुम्ही कुठून वर गेलात, ते विचारायला सांगा. लोक हाताला धरून दाखवतात, ही माझी खात्री आहे. सरकारी नकाशापेक्षा ते जास्त कामाचं ठरतं.

एक वाक्य पोचलं की काय होतं त्याचंही उदाहरण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुलै १९९८ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर, ऐतापेजवळच्या सिसानो लगूनला त्सुनामी आली. भूकंप फक्त ७.० चा होता, पण त्याने समुद्राखालचा मोठा उतार काही मिनिटांनी घसरला आणि दहा मीटरच्या वर पाणी आलं. गावं वाळूच्या अरुंद पट्टीवर, पुढे समुद्र, मागे लगून, पळायला जागाच नाही. दोन हजारांवर माणसं गेली. त्यानंतर त्या घटनेवरची एक व्हिडिओ फिल्म शेजारच्या देशांत दाखवायला सुरुवात झाली. व्हानुआतूच्या पेंटेकोस्ट बेटावर बे मार्तेली नावाचं एक छोटं गाव आहे, तिथल्या लोकांनी ती बघितली. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १९९९ च्या शेवटी, मध्यरात्रीनंतर ७.५ चा भूकंप झाला. अंधार. लोकांनी समुद्र ओसरतोय हे बघितलं, फिल्ममधलं आठवलं आणि सगळं गाव डोंगराकडे पळालं. गाव वाहून गेलं, पण गेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पळालेल्यांना डोंगरावरून आपल्या घरांचा आवाज ऐकू आला असेल, पण ते ऐकायला ते होते.

सोलोमनमध्येसुद्धा हाच फरक दिसला. जानेवारी २०१० ला रेंदोवा बेटाजवळ ७.१ चा भूकंप झाला, पाणी काही ठिकाणी सात मीटरच्या आसपास चढलं, घरं गेली, शेकडो लोक बेघर झाले, आणि एकही मृत्यू नाही. २००७ डोक्यात ताजं होतं, लोक स्वतःहून वर गेले. २०१३ ला पूर्वेकडच्या सांताक्रूझ बेटांवर ८.० चा झाला तेव्हा मात्र दहाच्या आसपास माणसं गेली, त्यात पळता न येणारी म्हातारी माणसं होती. तेव्हा घरात कोणी वयस्कर येणार असेल, तुमचे आईवडील दोन महिने राहायला जाणार असतील, तर त्यांना कोण आणि कसं वर नेणार हे आधी ठरलेलं असू द्या.

आता पाणी ओसरण्याबद्दल एक गैरसमज काढतो. लोकांना वाटतं त्सुनामीच्या आधी समुद्र ओसरतोच. तसं नाही. तळ कुठे उसळला आणि कुठे खचला यावर ते आहे, काही किनाऱ्यांवर पहिलं येतं ते सरळ चढणारं पाणीच. म्हणून समुद्र ओसरलाय का हे बघायला किनाऱ्यावर जायचं ही सगळ्यात वाईट कल्पना. आणि पहिली लाट सगळ्यात मोठी असेल असंही नाही. दोन लाटांमध्ये दहा मिनिटं, अर्धा तास जाऊ शकतो, लोक सामान घ्यायला, कोणाला शोधायला खाली उतरतात आणि दुसरीत सापडतात. टेकडीवर गेलं की कित्येक तास तिथेच. अधिकृत 'धोका टळला' येईपर्यंत. मोठ्या भूकंपानंतर तर रात्र काढायची तयारी ठेवा. २००७ नंतर गिझोचे लोक कितीतरी दिवस टेकड्यांवर ताडपत्रीखाली राहिले, खाली यायला तयार नव्हते, कारण आफ्टरशॉक, म्हणजे मागून येणारे धक्के, थांबत नव्हते.

किती हललं की पळायचं? इथे आपल्या लोकांचा घोळ होतो. आपल्याला भूकंप म्हटलं की किल्लारी आठवतं, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे, ६.२ चा, दगडमातीची घरं अंगावर कोसळली, हजारो माणसं गेली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोक्यात बसलंय की धोका म्हणजे घर पडणं, आणि सुटका म्हणजे बाहेर मोकळ्या मैदानात जाऊन उभं राहणं. लातूरला ते बरोबर होतं. गिझोला मोकळं मैदान म्हणजे किनारा. तिथली पारंपरिक घरं लाकडी खांबांची, सागूच्या पानांनी शाकारलेली, ती हलतात, वाकतात, सहसा माणूस मारत नाहीत. तिथला धोका हलणं थांबल्यावर सुरू होतो. भावाला हे मुद्दाम सांगा, कारण घाबरल्यावर माणूस लहानपणी शिकलेलंच करतो.

जोर किती यापेक्षा वेळ किती हे मोजा. जोर फसवतो, कारण छोटा भूकंप अगदी पायाखाली झाला तरी जोरात वाटतो आणि मोठा थोडा लांब झाला तर पाळणा हलल्यासारखा वाटतो. पण मोठा फॉल्ट तुटायला वेळ लागतोच, त्याला शॉर्टकट नाही. हलायला लागलं की टेबलाखाली बसून मोठ्याने सेकंद मोजायचे. पाच-सात सेकंदांत थांबलं तर बहुतेक छोटा. वीसच्या पुढे मोजणी गेली तर निघायचं. उभं राहता येईना इतका जोर असेल तर न मोजता निघायचं. आणि एक वाईट प्रकार असा की काही भूकंपांत फॉल्ट फार हळू तुटतो, धक्का मिळमिळीत लागतो आणि लाट प्रचंड येते, २०१० ला इंडोनेशियाच्या मेंतावाई बेटांवर असंच झालं, चारशेच्या वर माणसं गेली. म्हणून हळू पण लांबलेलं, डोलल्यासारखं हलणं सगळ्यात गंभीर घ्यायचं.

कधी कधी असं निघून काहीच येणार नाही. १७ डिसेंबर २०२४ ला व्हानुआतूची राजधानी पोर्ट व्हिलाजवळ ७.३ चा भूकंप झाला, पण तो साधारण ५७ किलोमीटर खोल होता, तळ फारसा उसळला नाही, लाट अगदी छोटी आली आणि इशारा थोड्या वेळाने मागे घेतला. तिथे चौदा माणसं गेली ती कोसळलेल्या इमारतींनी आणि दरडींनी. खोली किती हे घरात बसून कोणाला कळणार? म्हणून पळायचं, काही आलं नाही तर उतरून घरी यायचं. याला वाया गेलेली फेरी म्हणू नका.

सामोआचंही थोडक्यात सांगतो कारण त्यात दुसरी गोष्ट आहे. २९ सप्टेंबर २००९, सकाळी पावणेसातच्या सुमारास भूकंप, पंधरा-वीस मिनिटांत पाणी, सामोआ, अमेरिकन सामोआ आणि टोंगाचं निउआतोपुतापू बेट मिळून १९० च्या आसपास माणसं गेली. आधी वाटलं एकच ८.१ चा आहे, पुढे सगळ्या नोंदी तपासल्यावर कळलं की दोन मोठे भूकंप एकमेकांत मिसळले होते. म्हणजे निष्णात लोकांना जे उलगडायला महिने लागले ते पहिल्या दहा मिनिटांत कुठलीही यंत्रणा सांगणार नव्हती. तिथे वेळ गिझोपेक्षा जास्त होता, आणि जे लगेच निघाले ते बहुतेक वाचले. गाडीत बसून निघालेले काही किनाऱ्याच्या रस्त्यावरच अडकले. पायी जायचं, हे तेव्हापासून मी फार आग्रहाने सांगतो. रस्ते किनाऱ्याला धरून जातात, पायवाटा डोंगरात जातात.

घराचं आता. आम्ही पाण्याची उंची कशी मोजतो ते सांगतो, मग घर कसं बघायचं ते कळेल. त्सुनामीनंतर घराच्या आतल्या भिंतीवर चिखलाची सरळ आडवी रेघ राहते, आत पाणी शांत असतं म्हणून ती विश्वासाची, बाहेरच्या भिंतीवर शिंतोडे उडालेले असतात, ती रेघ फसवते. झाडांवर साल खरवडलेली असते, फांद्यांत प्लास्टिक, दोऱ्या, शेवाळ अडकलेलं असतं. उतारावर जिथवर खारं पाणी गेलं तिथवरचं गवत आणि झुडपं काही दिवसांत तपकिरी होतात आणि वर एकदम हिरवं सुरू होतं, ती सीमा लांबूनही दिसते. मग लेव्हल आणि स्टाफ (उंची मोजायची दुर्बीण आणि खुणांची काठी) लावून ती रेघ समुद्राच्या पातळीपासून किती वर ते काढायचं आणि त्या दिवशी, त्या वेळी भरती किती होती त्याची दुरुस्ती करायची. हे पाऊस आणि घर धुणाऱ्या बायका यांच्याआधी करावं लागतं. यातून एक गोष्ट नेहमी दिसते: एकाच गावात दोनशे मीटरवर पाण्याची उंची दुप्पट होते. रीफमध्ये, म्हणजे किनाऱ्यासमोरच्या प्रवाळाच्या बांधात, जिथे खिंड असते, बोटी ये-जा करतात तो मार्ग, त्याच्या समोर पाणी जास्त आत घुसतं. आणि निमुळत्या खाडीच्या टोकाला ते चढतं. तेव्हा घर बघताना, समोर रीफला खिंड आहे का, घर खाडीच्या टोकाशी आहे का, शेजारून ओढा समुद्राला मिळतो का, हे बघायला सांगा. रीफ आहे म्हणजे वाचलो असं नाही, मदत होते, भरवसा नाही.

२००७ च्या भूकंपात रानोंगा अडीच मीटरच्या आसपास वर आलं आणि पलीकडचं सिंबो खाली गेलं. रानोंगाच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर रीफच्या रीफ पाण्याबाहेर पडले, प्रवाळ पांढरे पडून मेले, मासे कुजले, दिवसेंदिवस वास, आणि जिथे होडी लागायची तिथे खडक. लोकांची जेवणाची जागाच उचलली गेली. हे अशासाठी सांगितलं की भूकंपानंतर किनारा आणि खोली बदललेली असते, जुन्या सवयीने बोट आणायला जाऊ नये. बोटीबद्दल साधं आहे: तुम्ही आधीच बाहेर खोल पाण्यात असाल तर तिथेच थांबा. किनाऱ्यावर असाल तर बोट वाचवायला जाऊ नका.

मग घर घ्यायचं का? माझं मत: टेकडीवर मिळत असेल तर तेच घ्या, भाडं जास्त असलं तरी. गिझो गावामागेच टेकड्या आहेत, हे त्या गावाचं मोठं नशीब, किरिबाती किंवा तुवालूसारखं सपाट नाही. नाहीच मिळालं आणि किनाऱ्याचंच घ्यावं लागलं तर दारापासून निदान वीस-तीस मीटर उंचीपर्यंत पायी किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा, मुलीला बरोबर घेऊन, आणि मग पुन्हा एकदा रात्री टॉर्च घेऊन पावसात. पश्चिम सोलोमनचा पाऊस म्हणजे आपला कोकणातला पाऊस समजा, लाल माती, निसरडं, दिवसा पाच मिनिटांची वाट रात्री बारा मिनिटांची होते. पाच मिनिटांत कोरडी उंची गाठता येत नसेल तर ते घर घेऊ नका. सरळ सांगतो, समुद्राचा देखावा कितीही चांगला असो.

दाराजवळ बंद बूट, टॉर्च, शिट्टी, बॅटरीचा छोटा रेडिओ, पाण्याच्या बाटल्या आणि पासपोर्टची प्लास्टिकची पिशवी, एवढं एका सॅकमध्ये. चपला नको, पत्रे आणि फुटलेली काच तुडवायची वेळ येते. रेडिओ अशासाठी की सोलोमन आयलंड्स ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनवर माहिती येते आणि मोबाईल टॉवर बंद पडतात.

शाळेचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि आईबापांना पटायला जड. भूकंप शाळेच्या वेळेत झाला तर मुलीला आणायला शाळेत जायचं नाही. शाळेने तिला वर न्यायचं आणि तुम्ही तुमच्या वाटेने वर जायचं, मग वर भेटायचं. दहा मिनिटांत तुम्ही खाली गेलात तर एक तर वाटेत सापडाल, नाहीतर तिला टेकडीवरून खाली उतरवाल. म्हणून प्रवेश घेण्याआधी शाळेला जाऊन विचारा की मुलांना कुठे नेता, सराव करता का, कोण मोजतं. उत्तर गुळमुळीत आलं तर पालकांना गोळा करून सराव घ्यायला लावा, तिकडचे शिक्षक अशा गोष्टीला नाही म्हणत नाहीत. मुलीला मात्र घाबरवू नका. तिला सेकंद मोजायचा खेळ शिकवा, सहा वर्षांचं मूल वीसपर्यंत मोजतं.

शेवटी तुमचं, म्हणजे इकडे पुण्यात बसलेल्यांचं. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे, २००७ चा भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. तुम्ही सकाळी उठून बातमी बघाल आणि फोन लागणार नाही. पोर्ट व्हिलाला २०२४ मध्ये नेटवर्क कोलमडलं, टोंगाला जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या स्फोटाने समुद्राखालची केबल तुटली आणि देशाचा बाहेरच्या जगाशी संपर्कच जवळपास तुटला, लोक मात्र बहुतेक सुखरूप होते. म्हणजे फोन न लागणं याचा अर्थ वाईट झालंय असा नाही. सतत फोन लावू नका, उरलेलं नेटवर्क त्यानेच तुंबतं आणि भावाच्या फोनची बॅटरी जाते. आधीच ठरवून घ्या: तो वर पोचला की एक मेसेज टाकणार, नेटवर्क येईल तेव्हा तो पोचेल. तिसरा एक नंबर ठरवा, होनियारातला किंवा ऑस्ट्रेलियातला कोणी ओळखीचा, ज्याच्याकडे दोघांनी निरोप ठेवायचा. पोर्ट मोर्सबीचं भारतीय हाय कमिशन सोलोमनचंही काम बघतं, तिकडे पोचल्या पोचल्या त्यांच्याकडे नाव, पत्ता आणि घरातली माणसं नोंदवून ठेवायला सांगा. आणि बातमीत भूकंपाचा आकडा दिसला तर नुसता आकडा बघू नका, खोली आणि गिझोपासूनचं अंतर बघा, दोन्ही अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या साइटवर काही मिनिटांत येतं. शंभर किलोमीटर खोल ७ चा असेल तर घरातली भांडी पडली असतील एवढंच. वीस किलोमीटर खोल आणि साडेसातच्या वर असेल, तर भाऊ त्या वेळी टेकडीवर असायला हवा.